जीपीआय अँकर कागदावर बिनचूक कसा मांडावा

पेशीच्या पृष्ठभागावरची काही प्रथिने पटलाच्या आरपार जात नाहीत. त्यांच्या कार्बॉक्सिल टोकाला ग्लायकोसिलफॉस्फॅटिडिलइनॉसिटॉल, म्हणजेच जीपीआय, नावाचा मेद आणि शर्करा यांचा बनलेला अँकर जोडलेला असतो आणि त्याच्या आधाराने ती पटलाच्या फक्त बाहेरच्या थरात रोवलेली राहतात. मानवी पेशींत अशी दीडशेच्या आसपास प्रथिने आहेत. हा अँकर कसा बांधला जातो, हा प्रश्न एम.एस्सी.ला आणि नेटच्या तयारीत पुन्हा पुन्हा भेटतो. पुण्यातल्या अभ्यासिकांमधून हातोहात फिरणाऱ्या झेरॉक्स नोट्समध्ये मात्र त्याची आकृती बहुधा तीन ठिकाणी चुकलेली असते: पटलाची बाजू, मॅनोजचा दाता आणि प्रथिन जोडण्याची वेळ. परीक्षेत या चुकांनी चार-दोन गुण जातात. गणेशखिंड, पाषाण किंवा आगरकर रस्त्यावरच्या संस्थांमध्ये प्रकल्पाला गेल्यावर याच चुकांनी अख्खा प्रयोग उलटा वाचला जातो. म्हणून खालील क्रम पाठ न करता कोऱ्या कागदावर स्वतः काढत जावा.

## तयारी

कागद आडवा धरून मधोमध दोन समांतर रेषा काढाव्यात. हे आंतर्द्रव्यजालिकेचे पटल. रेषांच्या वर "पेशीद्रव्य" आणि खाली "पोकळी" असे ठळक लिहावे आणि आकृती पूर्ण होईपर्यंत या दोन शब्दांवरची नजर काढू नये. प्रत्येक पायरीसाठी चार गोष्टी लिहायच्या आहेत: पटलाची बाजू, दाता, विकर आणि तयार झालेला मध्यस्थ पदार्थ. चारांपैकी एकही रकाना रिकामा राहिला, तर ती पायरी समजलेली नाही असे धरावे.

कागदाच्या तळाशी शेवटी काय तयार व्हायचे आहे ते आधीच लिहून ठेवावे: प्रथिन – इथॅनॉलअमाइन – फॉस्फेट – तिसरा मॅनोज – दुसरा मॅनोज – पहिला मॅनोज – ग्लुकोसामाइन – इनॉसिटॉल – फॉस्फेट – मेद. मॅनोजचे क्रमांक ग्लुकोसामाइनच्या बाजूने मोजले जातात, प्रथिनाच्या बाजूने नव्हे. ही मोजणी उलटी धरली की पुढच्या सगळ्या जोडण्या चुकतात.

सावधान: अक्षरांवरून क्रम लावू नका. या मार्गातल्या जनुकांची नावे पिग-ए, पिग-बी, पिग-सी अशी आहेत. ती अक्षरे पायऱ्यांचा क्रम सांगत नाहीत. पिग-ए पहिल्या पायरीवर आहे हे खरे, पण पिग-बी थेट तिसऱ्या मॅनोजपाशी येते आणि दुसरी पायरी पिग-एल करते. कामाच्या क्रमाने मुख्य विकरे अशी: ए, एल, डब्ल्यू, एम, व्ही, एन, बी, ओ, जी. ही ओळ कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवावी.

सावधान: आकृती कोणत्या सजीवाची आहे ते पाहा. अनेक पुस्तकांत छापलेला मार्ग निद्रारोग घडवणाऱ्या ट्रायपॅनोसोम या एकपेशीय परजीवीचा असतो, कारण या अँकरची रचना तिथे फार बारकाईने अभ्यासली गेली. तिथे पहिला मॅनोज बसण्यासाठी इनॉसिटॉलवर मेदाम्ल आधीच असावे लागत नाही, आणि मेदाम्लांची अदलाबदल प्रथिन जोडण्याआधी आंतर्द्रव्यजालिकेतच उरकते. यीस्टमध्ये चौथा मॅनोज अनिवार्य असतो आणि अनेक प्रथिनांवर शेवटी सिरॅमाइड बसते. सस्तन पेशींचा मार्ग या दोन्हींहून वेगळा आहे. तिन्हींची खिचडी केलेली आकृती दिसायला सुबक असते, पण ती कुठल्याच पेशीत घडत नाही.

## १. पहिली शर्करा: पटलाच्या वरच्या बाजूला

सुरुवात पेशीद्रव्याच्या बाजूने होते. फॉस्फॅटिडिलइनॉसिटॉल, म्हणजे पीआय, हा पटलातलाच मेद असतो. त्याच्या इनॉसिटॉलवर एन-अॅसिटाइलग्लुकोसामाइन चढवले जाते आणि दाता असतो यूडीपी-एन-अॅसिटाइलग्लुकोसामाइन. हे काम एकटी पिग-ए करत नाही. पिग-ए ही उत्प्रेरक घटक असून तिच्यासोबत पिग-सी, पिग-एच, पिग-पी, पिग-क्यू, पिग-वाय आणि डीपीएम-२ मिळून सात घटकांचे संकुल बनते. डीपीएम-२ हे नाव मॅनोजच्या दात्याच्या संदर्भात पुन्हा येईल. ते दोन ठिकाणी दिसले म्हणजे छपाईची चूक झाली असे समजू नये.

एन-ग्लायकोसिलेशनमध्येही, म्हणजे प्रथिनाच्या अॅस्परॅजिनवर शर्करासाखळी जोडण्याच्या मार्गातही, पहिली शर्करा एन-अॅसिटाइलग्लुकोसामाइनच असते, आणि गोंधळ इथेच सुरू होतो. तिथे ती डॉलिकॉल या पटलातल्या लांब साखळीच्या मेदावर चढते, इथे पीआयवर. ट्युनिकामायसिन डॉलिकॉलवरची ती पहिली जोडणी अडवते; जीपीआयच्या या पायरीवरचे ते औषध नव्हे.

## २. अॅसिटाइल गट काढणे

पिग-एल हा विकर अॅसिटाइल गट काढतो आणि मोकळ्या अमिनो गटाचे ग्लुकोसामाइन उरते. बाजू अजून पेशीद्रव्याचीच आहे.

पडताळा: तळाशी लिहिलेल्या अंतिम रचनेत "ग्लुकोसामाइन" आहे, "एन-अॅसिटाइल" नाही. तुमच्या आकृतीत अॅसिटाइल शेवटपर्यंत टिकून असेल, तर ही पायरी सुटली आहे. या मोकळ्या अमिनो गटाचा प्रयोगशाळेत उपयोग होतो: नायट्रस आम्ल नेमक्या अशाच ग्लुकोसामाइनपाशी साखळी तोडते आणि पीआयचा भाग सुटा होतो. अॅसिटाइल असलेल्या शर्करेवर ही युक्ती चालत नाही.

## ३. बाजू बदलणे

आता ग्लुकोसामाइन-पीआय पटलाच्या पोकळीकडच्या थरात उलटले पाहिजे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामातून सीएलपीटीएम-१-एल हे प्रथिन या उलटण्यास मदत करणारे स्क्रँब्लेज, म्हणजे मेद एका थरातून दुसऱ्या थरात नेणारे प्रथिन, म्हणून पुढे आले. आकृतीत इथे वरून खाली जाणारा वळणदार बाण काढावा. यापुढची प्रत्येक पायरी रेषांच्या खाली आहे.

परीक्षक ही एक गोष्ट हमखास पाहतात, कारण तिच्यावरूनच पुढचे सगळे ठरते. आंतर्द्रव्यजालिकेची पोकळी आणि पेशीच्या बाहेरची जागा या रचनेच्या दृष्टीने एकाच बाजूच्या असतात. पोकळीकडे तयार झालेला अँकर पुटिकांमधून प्रवास करून पेशीपटलाशी मिसळला की आपोआप बाहेरच्या बाजूला येतो. बाण विसरून सगळा अँकर पेशीद्रव्याच्या बाजूला बांधला, तर प्रथिन पेशीच्या आतल्या अंगाला लटकेल.

## ४. इनॉसिटॉलवर मेदाम्ल, आणि मेदाच्या शेपटाचा बदल

पिग-डब्ल्यू हा विकर पामिटॉइल-कोएन्झाइम ए पासून पामिटिक आम्ल घेऊन इनॉसिटॉलच्या दुसऱ्या स्थानावर बसवतो. सस्तन पेशींत मॅनोज चढण्याआधी ही जोडणी होते. हेच मेदाम्ल पुढे, प्रथिन जोडल्यानंतर, बहुतेक पेशींत काढून टाकले जाते. "लावायचे आणि पुन्हा काढायचे" हे विसंगत वाटते म्हणून विद्यार्थी दोहोंपैकी एक पायरी गाळतात. दोन्ही लिहाव्यात आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा सोडावी.

याच टप्प्यावर मेदाचा भागही बदलतो. सुरुवातीच्या पीआयमध्ये ग्लिसरॉलच्या पहिल्या आणि दुसऱ्या स्थानावर मेदाम्ले एस्टर बंधाने जोडलेली असतात. बदलानंतर पहिल्या स्थानावर ईथर बंधाने जोडलेली अल्किल साखळी असलेला मेद प्रामुख्याने दिसतो. या अल्किल मेदाच्या घडणीचे सुरुवातीचे टप्पे पेरॉक्सिझोममध्ये होतात. म्हणूनच ईथर मेद बनवू न शकणाऱ्या पेशींतही अँकर तयार होतो, पण त्याच्या मेदाची घडण निराळी निघते.

## ५. तीन मॅनोज आणि तीन इथॅनॉलअमाइन फॉस्फेट

मार्गाचा हा सर्वांत दाट भाग आहे. इथे वेळ द्यावा.

आधी दाते. तिन्ही मॅनोज डॉलिकॉल-फॉस्फेट-मॅनोजपासून येतात. डीपीएम-१, डीपीएम-२ आणि डीपीएम-३ यांचे संकुल हा दाता जीडीपी-मॅनोजपासून पेशीद्रव्याच्या बाजूला तयार करते आणि मग तो पोकळीकडे उलटतो. उत्तरपत्रिकांत दाता म्हणून सरसकट "जीडीपी-मॅनोज" लिहिलेले आढळते. ही सवय एन-ग्लायकोसिलेशनमधून येते, कारण तिथले पहिले पाच मॅनोज खरोखरच पेशीद्रव्याच्या बाजूला जीडीपी-मॅनोजपासून मिळतात. जीपीआयमध्ये मात्र मॅनोज चढण्याचे सगळे काम पोकळीत होते, आणि जीडीपी-मॅनोज पोकळीकडच्या या विकरांना दाता म्हणून चालत नाही. इथॅनॉलअमाइन फॉस्फेटचा दाता फॉस्फॅटिडिलइथॅनॉलअमाइन हा पटलातला नेहमीचा मेद आहे.

आता क्रम:

१. पिग-एम, तिच्या जोडीदार पिग-एक्ससह, पहिला मॅनोज ग्लुकोसामाइनवर अल्फा १-४ बंधाने बसवते.
२. पिग-व्ही दुसरा मॅनोज अल्फा १-६ बंधाने बसवते.
३. पिग-एन पहिल्या मॅनोजवर फांदीसारखा एक इथॅनॉलअमाइन फॉस्फेट लावते.
४. पिग-बी तिसरा मॅनोज अल्फा १-२ बंधाने बसवते.
५. पिग-ओ, पिग-एफसह, तिसऱ्या मॅनोजवर इथॅनॉलअमाइन फॉस्फेट लावते. प्रथिन पुढे याच्याशी जोडले जाणार आहे.
६. पिग-जी, तीही पिग-एफसह, दुसऱ्या मॅनोजवर आणखी एक इथॅनॉलअमाइन फॉस्फेट लावते.

काही ऊतींत पिग-झेड चौथा मॅनोज तिसऱ्यावर चढवते. तो ऐच्छिक आहे. आकृतीत तुटक रेषेने दाखवावा.

सावधान: तिन्ही इथॅनॉलअमाइन फॉस्फेट सारखे महत्त्वाचे नाहीत. तिसऱ्या मॅनोजवरचा नसेल तर प्रथिन जोडायला जागाच राहत नाही. दुसऱ्यावरचा पुढे काढलाच जातो आणि पिग-जी नसलेल्या पेशींच्या पृष्ठभागावरही जीपीआय प्रथिने पोहोचतात. तिचे जनुक निकामी झाले तर ईएमएम नावाचा रक्तगट प्रतिजन मात्र नाहीसा होतो, हे रक्तपेढीत काम करणाऱ्यांना उपयोगी पडेल. म्हणून "इथॅनॉलअमाइन फॉस्फेट नसेल तर काय होईल?" या प्रश्नावर आधी "कोणत्या मॅनोजवरचा?" हे पाहावे.

## ६. प्रथिनाची तयारी आणि जोडणी

इतका वेळ प्रथिनाचा या कागदाशी संबंध नव्हता, आणि तो नसायलाच हवा. अँकर पूर्ण बांधून झाल्यावर तो सबंधच्या सबंध प्रथिनाला लावला जातो. प्रथिनावर एकेक शर्करा चढत गेली असे दाखवणारी आकृती पुसून नव्याने काढावी.

अँकर मिळणाऱ्या प्रथिनाच्या कच्च्या साखळीत दोन संदेश असतात. अमिनो टोकाचा संदेश तिला आंतर्द्रव्यजालिकेत नेतो. कार्बॉक्सिल टोकाच्या संदेशात जोडणीची जागा, म्हणजे ओमेगा स्थान, त्यापुढे लहान अमिनो आम्ले, मग पाण्याला जवळचा छोटा पट्टा आणि अगदी शेवटी सुमारे १५ ते २० अमिनो आम्लांचा जलविरोधी पट्टा असतो. ओमेगा स्थानी सेरीन, अॅस्परॅजिन, अॅस्पार्टिक आम्ल, ग्लायसीन, अॅलॅनिन किंवा सिस्टीन यांसारखी लहान आम्ले असतात आणि त्यापुढून दुसऱ्या जागीही बहुधा ग्लायसीन, अॅलॅनिन किंवा सेरीन असते. जलविरोधी पट्ट्यानंतर साखळी संपते. त्यापुढे धनभारित आम्लांची शेपटी दिसली तर ते प्रथिन बहुधा पटलाच्या आरपार जाणारे आहे.

सीडी-५९ या जीपीआय प्रथिनाचे उदाहरण हाताने सोडवून पाहावे. त्याची कच्ची साखळी १२८ अमिनो आम्लांची आहे. पहिली २५ अमिनो टोकाच्या संदेशात जातात, शेवटची २६ जोडणीच्या वेळी कापली जातात आणि पक्व प्रथिनात ७७ उरतात. अँकर ज्या अॅस्परॅजिनला जोडलेला आहे त्याचा क्रमांक पक्व साखळीत ७७ आणि कच्च्या साखळीत १०२ आहे. दोन पुस्तकांत हे दोन आकडे वेगवेगळे दिसले की एक चुकीचा ठरवण्याची घाई होते. मोजणी कुठून सुरू केली ते पाहिले तर दोन्ही बरोबर आहेत.

जोडणी करणारा ट्रान्सअमिडेज पाच घटकांचा आहे: पिग-के, जीपीएए-१, पिग-एस, पिग-टी आणि पिग-यू. उत्प्रेरक घटक पिग-के असून तिच्या सिस्टीनने ओमेगा स्थानाशी साखळी पकडली की मागचा जलविरोधी तुकडा सुटतो. मग तिसऱ्या मॅनोजवरच्या इथॅनॉलअमाइनचा अमिनो गट त्या जागी येतो आणि अमाइड बंध तयार होतो. हे सगळे भाषांतर पूर्ण झाल्यावरच शक्य आहे, कारण संदेश साखळीच्या अगदी शेवटी आहे.

पडताळा: रक्तातील अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेले आहे आणि रुग्णात जीपीआयच्या मार्गात आनुवंशिक दोष आहे, असा प्रश्न आला तर दोष कोठे असेल? अल्कलाइन फॉस्फटेज हे स्वतः जीपीआय प्रथिन आहे. दोष पिग-व्ही किंवा पिग-ओ यांसारख्या नंतरच्या पायरीत असेल, तर मॅनोज चढलेला अर्धवट अँकर शिल्लक असतो. ट्रान्सअमिडेज प्रथिनाची शेपटी कापतो, पण जोडणी पूर्ण होत नाही आणि मोकळे प्रथिन पेशीबाहेर सुटते. दोष पिग-एल सारख्या सुरुवातीच्या पायरीत असेल तर शेपटी न कापलेले प्रथिन पेशीतच अडकून नष्ट होते आणि रक्तातली पातळी तशी वाढत नाही. हे उत्तर कारणासह लिहिता आले, तर पाचव्या टप्प्याचा क्रम पक्का झाला आहे.

## ७. जोडणीनंतरची डागडुजी

आंतर्द्रव्यजालिकेतून बाहेर पडण्यापूर्वी दोन गोष्टी काढल्या जातात. पीगॅप-१ इनॉसिटॉलवरचे मेदाम्ल काढतो आणि पीगॅप-५ दुसऱ्या मॅनोजवरचा इथॅनॉलअमाइन फॉस्फेट काढतो. ही छाटणी झालेल्या प्रथिनांना पी-२४ कुटुंबातील वाहक ओळखतात आणि पुटिकांमध्ये भरतात. छाटणी न झालेली प्रथिने रेंगाळत बाहेर पडतात.

गॉल्जी संकुलात मेदाम्लाची अदलाबदल होते. पीगॅप-३ ग्लिसरॉलच्या दुसऱ्या स्थानावरचे असंतृप्त मेदाम्ल काढतो आणि पीगॅप-२ च्या मदतीने तिथे स्टिअरिक आम्ल येते. संतृप्त शेपटांमुळे ही प्रथिने पटलातील दाट मेदपट्ट्यांत जाऊ शकतात. काही प्रथिनांच्या पहिल्या मॅनोजवर पीगॅप-४ एक एन-अॅसिटाइलगॅलॅक्टोसामाइनची फांदीही लावतो.

## ८. प्रयोगाने तपासताना

आकृती बरोबर आली की हाती असलेले प्रथिन खरोखर जीपीआयने बांधलेले आहे का, ते तपासता येते. नेहमीची पद्धत जिवाणूंपासून मिळणाऱ्या पीआय-पीएलसी, म्हणजे पीआय तोडणारे फॉस्फोलिपेज सी, या विकराची आहे.

१. पेशी धुऊन सीरम पूर्ण काढावे. सीरममध्ये जीपीआय कापणारे फॉस्फोलिपेज डी असते; डिटर्जंटमध्ये पेशी विरघळवल्यावर ते कामाला लागते आणि निकाल गढूळ करते.
२. पेशींचे दोन समान भाग करून एकात विकर घालावे, दुसऱ्यात फक्त बफर. दोन्ही भाग ३७ अंशांवर सारखाच वेळ ठेवावेत.
३. पेशी खाली बसवून पृष्ठभागावरचे प्रथिन आणि वरच्या द्रावणात सुटलेले प्रथिन दोन्ही मोजावे. फक्त एक मोजले तर प्रथिन सुटले की कुजले ते कळत नाही.
४. सोबत सीडी-५९ सारखे जीपीआय प्रथिन आणि सीडी-४५ सारखे आरपार जाणारे प्रथिन तपासावे. पहिले कमी झाले पाहिजे, दुसरे नाही.

सावधान: "पीआय-पीएलसीने सुटले नाही, म्हणून जीपीआय नाही" हा निष्कर्ष काढू नये. हा विकर इनॉसिटॉलच्या दुसऱ्या स्थानावरचा मोकळा हायड्रॉक्सिल वापरून साखळी तोडतो. चौथ्या टप्प्यावर बसलेले मेदाम्ल तिथेच राहिले असेल, तर विकराला पकड मिळत नाही. मानवी तांबड्या पेशींच्या अॅसिटाइलकोलिनेस्टरेजचे नेमके तसेच आहे. म्हणून नव्या प्रथिनाची पहिली तपासणी तांबड्या पेशींवर करू नये. लिम्फोसाइट किंवा संवर्धित पेशी घ्याव्यात.

ट्रायटन एक्स-११४ ची विभागणी जोडीला घ्यावी. थंड असताना हे डिटर्जंट एकजीव असते आणि सुमारे ३० अंशांवर तापवले की दोन थर होतात. अँकरसह असलेले प्रथिन डिटर्जंटच्या थरात जाते आणि पीआय-पीएलसीने कापल्यावर पाण्याच्या थरात येते. तापवण्याआधी नमुना नीट गार आणि निवळ झाला पाहिजे. पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यांत टेबलावर ठेवलेली नळी आपोआप गढूळ होते, म्हणून बर्फाचा डबा हाताशी असू द्यावा.

पॅरॉक्सिस्मल नॉक्टर्नल हिमोग्लोबिनुरियाचा अहवाल वाचतानाही हाच मार्ग उपयोगी पडतो. या आजारात रक्ताच्या मूळ पेशीतले पिग-ए जनुक बिघडते. पिग-ए एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे पुरुषात त्याची एकच प्रत असते आणि स्त्रीच्या पेशीत दोनपैकी एकच चालू असते; म्हणून एका बिघाडाने काम भागते. मार्गातली बाकीची जनुके साधारणपणे अन्य गुणसूत्रांवर असल्याने तिथे दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात. सीडी-५५ आणि सीडी-५९ ही जीपीआय प्रथिने पेशीला रक्तातल्या पूरक (कॉम्प्लिमेंट) प्रथिनांपासून वाचवतात; ती नसलेल्या तांबड्या पेशी त्यांच्या माऱ्यात फुटतात. तपासणीत पांढऱ्या पेशींसाठी फ्लेअर हे जीपीआयला थेट चिकटणारे रंगद्रव्ययुक्त प्रथिन वापरतात आणि तांबड्या पेशींसाठी सीडी-५९ चे प्रतिपिंड. दोन्हींच्या टक्केवाऱ्या जुळत नाहीत म्हणून अहवाल चुकीचा ठरवू नये. बिघडलेल्या तांबड्या पेशी फुटून कमी होतात आणि रुग्णाला रक्त दिले असेल तर दात्याच्या पेशींमुळे त्यांचे प्रमाण आणखी कमी दिसते. बिघडलेल्या पेशीवंशाचा आकार ग्रॅन्युलोसाइट या पांढऱ्या पेशींच्या आकड्यावरून पाहावा.